शिकारीच्या रिकर्व्हसाठी बाण निवडताना मोजणी टोकाकडून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुक्काम मिशिगन. धनुष्य ६२ इंची पारंपरिक रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं), लिंबवर (धनुष्याच्या लवणाऱ्या भुजेवर) '४५ पाऊंड, २८ इंचाला' असं लिहिलेलं. ओढणं उजव्या हाताने, नेम धरायची साइट नाही, बाण थेट शेल्फवरून (पकडीच्या वरच्या खाचेवरून). शरदात व्हाइटटेल हरणाची शिकार करायची आहे. दुकानातून ४०० स्पाइनचे (कडकपणाचा आकडा, पुढे सांगतो) कार्बन बाण आणि १०० ग्रेनची (एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन) टोकं आणलीत, पण बाण डावीकडे जातात आणि शेपूट हलवत जातात. साताऱ्यात ऑलिंपिक रिकर्व्ह मारायचात, ते जुने बाण घरात पडून आहेत. ते चालतील का?

जुन्या बाणांचा विषय आधी संपवू. ते पडूनच राहू देत. ऑलिंपिक रायझर (धनुष्याचा मधला, पकडीचा भाग) मध्यरेषेच्या बराच आत कापलेला असतो, बाण तारेच्या रेस्टवर टेकतो आणि बाजूने स्प्रिंगचं बटण त्याला सांभाळतं. तिथे शेपटाला पिसांऐवजी प्लास्टिकची चिमुकली पाती चालतात, कारण सुटताना त्यांना घासायला काही नसतं. तुमच्या धनुष्यात बाण शेल्फवरच्या केसाळ पट्टीवरून सरकतो. ताठ प्लास्टिक तिथे आपटतं आणि शेपूट उडवतं. शिवाय ते बाण हलके. ३०० ग्रेनच्या आसपासचा बाण ४२-४३ पाऊंडांवर मारला, तर दर पाऊंडाला जेमतेम ७ ग्रेन पडतात. बहुतेक रिकर्व्ह बनवणारे ८च्या खाली जाऊ नका म्हणतात. बाणाने न घेतलेली ऊर्जा लिंब आणि दोरीतच राहते आणि दर वेळी 'थाड' असा आवाज येतो. त्या बारीक नळीत ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार पात्यांचं टोक) बसवायची सोय नसते ती वेगळीच.

आता ४२-४३ हा आकडा आला कुठून? लिंबवरचे ४५ पाऊंड हे २८ इंच ओढीला आहेत, आणि ही २८ इंच ओढ मोजायची पद्धत ठरलेली आहे: पकडीच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंत सव्वासव्वीस इंच, अधिक पावणेदोन इंच. ऑलिंपिक धनुष्यात क्लिकर (पूर्ण ओढ झाली की 'टक' वाजणारी पट्टी) असल्यामुळे ओढ एकाच जागी येते. पारंपरिक धनुष्यात क्लिकर नाही, पवित्रा थोडा वाकलेला, त्यामुळे तीच व्यक्ती बहुधा एखादा इंच कमी ओढते. दर इंचाला साधारण अडीच पाऊंड धरा. २७ इंच ओढत असाल, तर बोटांवर साडेबेचाळीस पाऊंडच येतात. मोजायचं असं: लांब बाण घ्या, दहा-बारा बाण मारून अंग गरम करा, मग सोबत्याला पूर्ण ओढीवर शाफ्टवर (बाणाच्या नळीवर) पकडीच्या खोल जागेसमोर पेनने खूण करायला सांगा. दोरीपासून खुणेपर्यंत मोजा, पावणेदोन इंच मिळवा. तीन वेळा करा, सरासरी घ्या. ताजेतवाने असताना छाती फुगवून ओढलेलं मोजाल तर पुढचा सगळा हिशेब चुकतो, कारण झाडावरच्या मचाणात, जाड जाकीट घालून, थंडीत तुम्ही तेवढं ओढणार नाही. वजनासाठी टांगता बो-स्केल मिळतो. दोरी त्याच्या हुकात अडकवून त्याच खुणेपर्यंत ओढा.

यापुढे तुमची ओढ २७ इंच आणि वजन साडेबेचाळीस पाऊंड धरून लिहितो. तुमचं माप वेगळं निघालं तर आकडे त्याप्रमाणे सरकवा.

स्पाइन म्हणजे शाफ्टचा कडकपणा. कार्बनच्या शाफ्टला २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगतात. तो इंचाच्या जितक्या हजारांशांनी लवतो, तो त्याचा स्पाइन. ५०० म्हणजे अर्धा इंच लवला. म्हणून आकडा मोठा तितका शाफ्ट नरम. हा झाला टेकूवरचा कडकपणा. धनुष्यावर मात्र बोटं दोरी सोडताना ती किंचित बाजूला सरकते, शाफ्ट रायझरवर दाबला जातो, धनुष्याप्रमाणे वाकतो, मग उलटा वाकतो आणि रायझरला वळसा घालून निघून जातो. सरळ नेमाने मारलेला बाण आडव्या आलेल्या लाकडाला टाळून सरळ कसा जातो, या कोड्यालाच तिरंदाजीत 'आर्चर्स पॅराडॉक्स' म्हणतात. १९३०च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॅरन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे वाकणं टिपलं, तेव्हा वाद मिटला. वाकण्याचा हा झोका धनुष्याच्या वेगाशी जुळला की शेपूट रायझरला न शिवता सुटतं.

झोका कशाने बदलतो, हे पाठच करून ठेवा. शाफ्ट लांब ठेवला की नरम वागतो, कापला की कडक. टोक जड केलं की नरम, हलकं केलं की कडक. जास्त पाऊंडांच्या किंवा कमी ताणणाऱ्या नव्या धाग्याच्या दोरीवर तोच शाफ्ट नरम वागतो, जुन्या, जास्त ताणणाऱ्या डेक्रॉनच्या दोरीवर थोडा कडक. शेल्फच्या बाजूची पट्टी जाड केली की बाण मध्यापासून बाहेर जातो आणि कडक असल्यासारखा वागतो.

तुमचे ४०० स्पाइन आणि १०० ग्रेन हे साडेबेचाळीस पाऊंडांना फार कडक आहे. उजव्या हाताच्या माणसाचा कडक बाण पुरेसा वाकत नाही, रायझरवर रेटला जातो आणि डावीकडे निघतो. दुकानदाराने बहुधा कंपाउंडचा (कप्प्या लावलेल्या यांत्रिक धनुष्याचा) तक्ता पाहिला असणार. कंपाउंडमध्ये रिलीज यंत्राने होतं, दोरी बाजूला सरकत नाही, म्हणून तिथले तक्ते बोटांनी सोडणाऱ्याच्या उपयोगाचे नाहीत. पारंपरिक धनुष्याकडे नव्याने येणाऱ्यांची सगळ्यात नेहमीची चूक हीच, गरजेपेक्षा कडक शाफ्ट.

आता वजन. हरणाच्या बाबतीत हलका, वेगवान बाण घ्यायचा मोह होतो, पण हिशेब करून पाहा. समजा ४०० ग्रेनचा बाण सेकंदाला १७२ फूट जातो, आणि त्याच धनुष्यातून ४९० ग्रेनचा १५८ फूट. २० यार्डांना पहिल्याला ०.३५ सेकंद लागतात, दुसऱ्याला ०.३८. दोरीचा आवाज तेवढं अंतर ०.०५ सेकंदात कापतो. म्हणजे दोन्ही वेळा हरणाला तीन दशांश सेकंद मिळतातच, आणि दचकलेलं व्हाइटटेल उडी मारण्याआधी पाय दुमडून खाली बसतं तेही तेवढ्याच वेळात. हलक्या बाणाने तुम्ही तीन शतांश सेकंद कमावले आणि बदल्यात आवाज वाढवला. जड बाणाने धनुष्य शांत होतं. तो जास्त ऊर्जा घेऊन जातो आणि त्याचा संवेग इथे बारा टक्क्यांहून जास्त भरतो. तोच त्याला बरगड्यांतून आरपार नेतो. किंमत काय मोजावी लागते? २० यार्डांवर सुमारे साडेचार इंच जास्त घसरण, १५ यार्डांवर अडीच इंच. त्याच बाणांनी सराव केला की डोळा ती आपोआप शिकतो.

माझ्या मते या धनुष्यासाठी दर पाऊंडाला १० ते १२ ग्रेन योग्य, म्हणजे ४२५ ते ५१० ग्रेन. त्यातही ४५०च्या वर राहा. हाड फोडायला बाण किमान ६५० ग्रेनचा हवा, असं तुम्ही वाचाल. ती गोष्ट डॉ. एड ॲशबी यांच्या आफ्रिकेतल्या मोठ्या, जड हाडांच्या जनावरांवरच्या चाचण्यांमधून आलेली आहे. साडेबेचाळीस पाऊंडांवर ६५० ग्रेन म्हणजे २० यार्डांवर लाडू फेकल्यासारखी कमान. हरणाला त्याची गरज नाही.

म्हणून जुळणी टोकाकडून सुरू करा. आधी ब्रॉडहेड ठरवा, त्याच्या वजनाला शाफ्ट जुळवा. लोक उलट करतात: शाफ्ट आणतात, १०० ग्रेनच्या टोकाने महिनाभर जुळवतात आणि हंगामाच्या तोंडावर १७५चं ब्रॉडहेड लावून 'बाण बिघडले' म्हणतात.

या पाऊंडांना दोन पात्यांचं, टोकापासूनच कापत जाणारं स्थिर ब्रॉडहेड घ्या, रुंदी एक ते सव्वा इंच. लागल्यावर उघडणारी यांत्रिक पाती नकोत. उघडण्यातच ती ऊर्जा खातात, आणि ती ऊर्जा तुमच्याकडे मोजकी आहे. लांबट, अरुंद पातं कमी जोरात खोल जातं. धनुष्यनिर्माते फ्रेड बेअर यांनी १९५६ साली आणलेलं रेझरहेड अजून लोक वापरतात, आणि त्यांचा कारखाना तुमच्याच राज्यात ग्रेलिंगला होता, त्यामुळे मिशिगनमधल्या जुन्या तिरंदाजांच्या डब्यांत ती सापडतील. एकाच बाजूने धार लावलेलं पातं आत शिरताना फिरत जातं; ते घेतलंत तर त्याची फिरण्याची दिशा आणि पिसांची दिशा एकच हवी. उजव्या धारेचं पातं, तर उजव्या पंखाची पिसं. राज्याराज्याचे नियमही पाहा. कोलोरॅडोत किमान ३५ पाऊंडांचं धनुष्य आणि किमान ७/८ इंच रुंद ब्रॉडहेड लागतं. मिशिगनसाठी तिथल्या नैसर्गिक संसाधन विभागाची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचा. (भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही, ब्रिटनमध्येही धनुष्याने शिकार बेकायदा आहे. तिथल्या वाचकांना यातली जुळणी फोमच्या प्राण्यांवर मारायला तशीच लागू पडेल.)

१७५ ग्रेनचं ब्रॉडहेड धरून तुमचा बाण असा जुळेल: ५०० स्पाइनचा कार्बन शाफ्ट, दर इंचाला सुमारे ८.३ ग्रेन, लांबी साडेएकोणतीस इंच, म्हणजे २४५ ग्रेन. पुढे पितळी इन्सर्ट (नळीत बसवायचा, टोक पेलणारा आट्याचा तुकडा) ५०, ब्रॉडहेड १७५, मागे नॉक (दोरीत अडकणारा खाचेचा तुकडा) १०, तीन पिसं मिळून १०. एकूण ४९० ग्रेन, दर पाऊंडाला साडेअकरा. हा बाण नॉकच्या खाचेपासून साधारण २१ इंचांवर तोलला जाईल. मध्य आहे पावणेपंधरावर, फरक सव्वासहा इंच, लांबीने भागला की २१ टक्के. पुढचा हा भार शेपटीला लवकर सरळ करतो. १२ टक्क्यांच्या खाली गेलात तर ब्रॉडहेडचा बाण भरकटतो. २५च्या पुढे जायला खूप जड टोक आणि त्याला पेलणारा कडक शाफ्ट लागतो, एवढा खटाटोप इथे कशाला?

५००च घ्या असं मात्र मी ठामपणे म्हणत नाही. दोरी सोडण्याची सफाई प्रत्येकाची वेगळी असते. खरखरीत सोडणाऱ्याच्या हातात शाफ्ट जास्त वाकतो. म्हणून डझन आणण्याआधी ५०० आणि ६०० स्पाइनचे दोन-दोन शाफ्ट न कापता आणा, शिवाय १०० ते २५० ग्रेनपर्यंतची स्क्रूने बसणारी सराव टोकं. सहाशेच्या शाफ्टला बहुधा १२५ ग्रेनच्या आसपासचं टोक आणि साधा ॲल्युमिनियम इन्सर्ट लागेल, आणि बाण हलका भरेल. पाचशे जुळला तर तोच घ्या.

कार्बनच हवा असंही नाही. ॲल्युमिनियम स्वस्त, एकसारखं आणि मुळातच जड. ईस्टन कंपनीच्या शाफ्टवरचे चार आकडे वाचायला सोपे आहेत. २०१६ म्हणजे बाहेरचा व्यास इंचाचे २०/६४, भिंतीची जाडी ०.०१६ इंच. तुमच्यासाठी २०१६पासून सुरुवात करा. साडेएकोणतीस इंच लांबीला १४५ ग्रेनचं टोक लावलं की ५००च्या आसपास भरतो. दोष एकच. झाडावर आपटला की वाकतो, आणि वाकलेला ओळखला नाही तर तुम्ही स्वतःच्या हाताला दोष देत बसता. टोकावर उभा करून फिरवा. थरथरला तर बाद.

लाकडाचा बाण हाताला सगळ्यात गोड, पण वेळ मागतो. ओरेगनच्या दक्षिणेकडचा पोर्ट ऑरफर्ड सीडार हे जुनं लाकूड, डग्लस फर जास्त चिवट. लाकडाचा स्पाइन पाऊंडांत सांगतात, पाच-पाचच्या गटात. तुमच्यासाठी ११/३२ इंच व्यासाचे ५०-५५चे घ्या. घेताना नुसता स्पाइन पाहू नका, वजनाने १० ग्रेनच्या आत जुळलेले मागा. एकाच गटातल्या दोन काड्यांत ४० ग्रेनचा फरक सहज असतो आणि तो २० यार्डांवर वर-खाली दिसतो. लाकडाच्या रेषा नॉकच्या खाचेला काटकोनात याव्यात, म्हणजे रेषांची कडक बाजू रायझरकडे राहते. रेषा शाफ्टवरून तिरक्या बाहेर पडत असतील तर वरच्या अंगाला त्यांची टोकं पुढे रोखलेली हवीत. उलट बसवली आणि बाण तिथे तुटला, तर फाटलेली ढलपी धनुष्य धरलेल्या हाताकडे येते. टोकाला ५ अंशांचा आणि नॉकला ११ अंशांचा निमुळता भाग तासावा लागतो, त्याचं हातातलं यंत्र पेन्सिलच्या शार्पनरसारखंच असतं.

पिसं. शेल्फवरून मारायचं तर टर्कीचं खरं पीसच हवं, ते दबून निघून जातं. पाच इंची तीन किंवा चार इंची चार, हलक्या पिळात चिकटवलेली. ब्रॉडहेड वाऱ्यात स्वतःच पंखासारखं वागतं, त्याला काबूत ठेवायला मागे तेवढं पीस लागतं. एका बाणावर डाव्या आणि उजव्या पंखाची पिसं मिसळू नका. पिसाचं मागचं टोक नॉकच्या खाचेपासून एक इंच पुढे ठेवा, नाहीतर बोटं त्यावर येतात. भिजलं की पीस आडवं पडतं, म्हणून मिशिगनच्या नोव्हेंबरसाठी जलरोधक पूड किंवा फवारा लावा आणि भात्यावर पिसांपुरती टोपी ठेवा.

नॉकची पकड दोरीवर इतकीच हवी की बाण दोरीला लटकून राहावा आणि दोरीवर टिचकी मारली की पडावा. घट्ट नॉक बाणाला मागे खेचतो. सैल नॉक ओढतानाच सुटू शकतो, मग धनुष्य रिकामंच झटकतं आणि लिंब फुटायची भीती.

आता जुळणी. आधी धनुष्य स्थिर करा. दोरी आणि पकडीतलं अंतर निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत, या लांबीला बहुधा साडेसात ते सव्वाआठ इंच, जिथे आवाज सगळ्यात कमी येतो तिथे दोरीला पीळ देऊन आणा. नॉकची खूण (दोरीवर बाण अडकवायची जागा) काटकोनापासून अर्धा इंच वर. तिन्ही बोटं बाणाखाली धरत असाल तर आणखी पाव इंच वर. मग पिसं लावलेले तीन आणि बोडके दोन बाण, दोन्हींना तेच टोक, १० यार्डांवरून. बोडक्यांवर पिसांऐवजी तितक्याच वजनाची चिकटपट्टी गुंडाळा.

प्रथम वर-खाली पाहा. बोडके खाली लागले तर नॉकची खूण जास्त वर आहे, वर लागले तर खाली आहे. हे निपटल्याशिवाय डावं-उजवं वाचू नका, कारण खूण खाली असली की शेपूट शेल्फवर आपटून कुठेही उडतं. मग डावं-उजवं, उजव्या हाताच्या माणसासाठी: बोडके पिसंवाल्यांच्या डावीकडे लागले तर शाफ्ट कडक, टोक २५ ग्रेनने वाढवा. उजवीकडे लागले तर नरम, टोक कमी करा किंवा शाफ्ट पाव इंच कापा. एका वेळी पाव इंचच. कापलेलं परत येत नाही. आणि पूर्ण ओढीवर ब्रॉडहेडचं मागचं टोक बोटांच्या किमान एक इंच पुढे राहिलं पाहिजे. अगदी थोडी कसर राहिली तर शेल्फच्या बाजूची पट्टी बदला: बोडके किंचित डावीकडे असतील तर पातळ, उजवीकडे असतील तर जाड. दहा यार्डांवर जमलं की पंधरावर जा.

इथे एक फसवणूक आहे आणि ती भलेभले खातात. अतिशय कडक शाफ्टचं शेपूट रायझरवर आपटतं आणि बाण उजवीकडे फेकला जातो. तो नरम दिसतो, तुम्ही टोक हलकं करता, आणखी कडक होतो. ओळख अशी: टोक एकदम ५० ग्रेनने जड करून पाहा. खरोखर नरम असेल तर उजवीकडे आणखी जाईल. फसवा असेल तर आधी मधे येईल किंवा डावीकडे सरकेल. रायझरच्या बाजूला खडूची पूड लावली तर आपटल्याची रेघही दिसते.

शाफ्ट कापायला वेगाने फिरणारी अपघर्षक चकती वापरा, तोंडाला मास्क लावा. पाइप कापायच्या कटरने कार्बन चिरतो. आतून अल्कोहोलने पुसा, इन्सर्ट खरवडून २४ तास वाळणाऱ्या इपॉक्सीने बसवा. हॉट ग्लूचा वापर केलात तर उष्णता धातूला द्या, शाफ्टला नाही. कार्बनमधली राळ तापून सैल होते आणि ते बाहेरून दिसत नाही.

शेवटची परीक्षा ब्रॉडहेडची. त्याच वजनाच्या सराव टोकांसोबत १५ यार्डांवरून मारा. ब्रॉडहेड डावीकडे गेली तर अजून थोडा कडकपणा आहे, उजवीकडे गेली तर नरमपणा. सगळीकडेच विखुरली तर आधी प्रत्येक बाण फिरवून टोक सरळ बसलंय का पाहा. ज्या ब्रॉडहेडने सराव केला त्याला पुन्हा धार लावल्याशिवाय ते भात्यात ठेवू नका. हातावरचे केस सहज निघतील एवढी धार हवी. आणि कार्बनचा बाण प्रत्येक वेळी मारण्याआधी दोन्ही हातांत धरून, तोंडापासून दूर, फिरवत चारही बाजूंनी वाकवा. करकर ऐकू आली किंवा चीर दिसली, तर तिथेच मोडून टाका म्हणजे दुसरं कोणी उचलून मारणार नाही. तडकलेला कार्बन सुटताना फुटला, तर त्याचे काटे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात आणि ते काढायला शस्त्रक्रिया लागू शकते.